ताकदीचा जमाखर्च

गोव्यातल्या माणसाला गाणगापूर माहीत असतं. साखळीच्या दत्ताला नवस बोलणारी, मार्गशीर्षात गुरुचरित्राचं पारायण लावणारी एक तरी आजी आपल्या प्रत्येकाच्या घरात होऊन गेलेली असते. पण गाणगापूरच्या पुढे आपला नकाशा संपतो. कलबुर्गी (२०१४ पर्यंत आपण गुलबर्गा म्हणत होतो ते), हुमनाबाद, भालकी, बिदर ही नावं आपल्या कानावर पडतात ती बांधकामाच्या जागेवर. डोक्यावर घमेलं घेतलेल्या माणसाला गाव विचारलं की तो "गुलबर्गा" म्हणतो आणि आपण मान हलवतो. गुलबर्ग्यात कुठे, हा पुढचा प्रश्न आपल्याला पडत नाही.

मला तो पडला तो मिस्त्रीमुळे. डिचोलीकडच्या एका खाण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री वीस वर्षं फिटर होता. मी त्याच कंपनीच्या ऑफिसात. तो भालकी तालुक्यातला, घरात मराठी बोलणारा, शाळेत कानडी शिकलेला, बाजारात दख्खनी उर्दू मारणारा आणि आमच्याकडे येऊन कोंकणीही उचललेला. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तुकडे पडले तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातलं उदगीर, निलंगा इकडे आलं आणि भालकी, औराद, हुमनाबाद तिकडे राहिलं. सीमा बदलली, घरातली भाषा राहिली. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि मिस्त्री गावी परत गेला. "सायबा, एकदा या गावाकडं" हे मात्र दर दिवाळीला फोनवर चालूच होतं.

शेवटी २०२३ च्या डिसेंबरात गेलो. सायकलने. म्हणजे गाणगापूरपर्यंत बसने, सायकल टपावर बांधून, आणि तिथून पुढे पायडल मारत. दत्तजयंती २६ तारखेला होती आणि ती हुमनाबादजवळच्या माणिकनगरला, माणिकप्रभूंच्या समाधीपाशी करायची असं ठरवलं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर सायकलचं वेड लागलेल्या मंडळींपैकी मी एक. ह्या वेडाचा एक पोटरोग असतो. तो म्हणजे मोजमाप. माझ्या सायकलीला पॉवर मीटरचे पायडल आहेत आणि घरच्या (आणि पाठीवरच्या पिशवीतल्या) लॅपटॉपवर गोल्डन चीता नावाचं सॉफ्टवेअर आहे. आजचा लेख खरं तर त्या सॉफ्टवेअरबद्दल आहे.

आधी पॉवर मीटर म्हणजे काय ते सांगतो. आपण पायडल दाबतो तेव्हा त्याच्या आतला धातू केसाच्याही अंशाइतका वाकतो. त्या धातूवर चिकटवलेल्या बारीक पट्टीचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो, आणि त्या बदलावरून किती जोर लावला हे कळतं. जोर आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. जुना शंभराचा बल्ब आठवा. शंभर वॅटने सायकल मारणारा माणूस तो एक बल्ब पेटता ठेवण्याइतकं काम करत असतो. हे यंत्र सायकलवर बसवण्याची कल्पना जर्मनीतल्या उलरिक शोबेरर नावाच्या इंजिनियरने १९८६ साली प्रत्यक्षात आणली. पुढची वीसेक वर्षं ते श्रीमंतांचं आणि व्यावसायिक शर्यतपटूंचंच राहिलं. अजूनही ते स्वस्त नाही. पण त्यातून निघालेल्या आकड्यांचा अर्थ लावणारं गोल्डन चीता हे पहिल्यापासून फुकट आणि खुलं आहे. शॉन ऱ्हीया यांनी २००६ साली ते लिहायला घेतलं, पुढे मार्क लिव्हर्सेज यांनी वाढवलं. कुणीही उतरवून घ्यावं, कुणीही त्याचं पोट उघडून बघावं.

आता हे सॉफ्टवेअर करतं काय? तर सरासरीचं पोट फाडतं.

कलबुर्गी ते हुमनाबाद आणि पुढे बिदर असे तुकड्यांत मिळून साधारण ११० किलोमीटर मी चालवले. साडेसात तास, सरासरी १०४ वॅट. ह्या सरासरीवरून कुणाला वाटेल, की मी सारा वेळ एक बल्ब शांतपणे पेटवत चाललो होतो. गोल्डन चीतामधला खांबांचा ग्राफ उघडला की खरं दिसतं. एकूण वेळेचा पाचवा हिस्सा शून्य वॅट: उतार, चहा समोर दिसल्यावर पायडल थांबवणं, शेळ्यांचा कळप. एक मोठा ढीग १२० च्या आसपास. आणि अगदी उजवीकडे, २५० च्या पलीकडे, एक बारीकशी शेपटी. कमलापूरच्या पुढच्या चढाची, आणि एका कुत्र्याची.

ही शेपटी दिसायला बारीक, पण थकवते तीच. हिशेब सोपा आहे. दहा मिनिटं १०० वॅट आणि दहा मिनिटं ३०० वॅट मारले तर सरासरी २००. पण अंगाला ती वीस मिनिटं सलग २०० मारल्यासारखी वाटत नाहीत. अमेरिकेतले व्यायामशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांनी ह्यावर एक तोड काढली. तीस-तीस सेकंदांची सरकती सरासरी घ्यायची, तिचा चौथा घात करायचा, त्याची सरासरी काढायची आणि पुन्हा चतुर्थ मूळ. मोठ्या आकड्यांना अशाने जास्त वजन मिळतं. वरच्या उदाहरणात उत्तर येतं सुमारे २५३. शरीर ह्या २५३ ची गोष्ट सांगत असतं आणि आपण २०० लिहून मोकळे होतो.

आणखी एक गंमत. बिदर कलबुर्गीपेक्षा सुमारे २०० मीटर उंचावर आहे. पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली ती ह्या पठारावर. खाली काळी माती, तुरीची शेतं (आपल्या वरणातल्या डाळीचं हे माहेर, कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं) आणि वर चढलं की अचानक लाल जांभा! आपलाच चिरा. बिदरच्या किल्ल्याचा खंदक त्या जांभ्यातच कोरून काढलाय. गोव्याच्या माणसाला तिथे उतरल्यावर घरी आल्यासारखं वाटतं. तर मी आणि सायकल मिळून ८५ किलो, ते २०० मीटर वर न्यायला लागतात १६७ किलोज्यूल. प्रवासात मी खर्च केले २८०० च्या आसपास. म्हणजे निव्वळ चढाईला गेले रुपयातले सहा पैसे! बाकी सारं वाऱ्याने आणि रस्त्याने खाल्लं. डिसेंबरात दख्खनवर वारा ईशान्येकडून येतो आणि मी नेमका ईशान्येकडे तोंड करून चाललो होतो. चढ दिसतो म्हणून आपण त्याला शिव्या देतो. वारा दिसत नाही.

असो. माणिकनगरची दत्तजयंती झाली, प्रसाद घेतला, आणि संध्याकाळी मिस्त्रीच्या अंगणात पोचलो.

वहिनींनी ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगांची चटणी वाढली. मिस्त्री तरुणपणी तालमीतला. जत्रांतल्या नारळापासून सुरू होऊन शेवटून दुसऱ्या कुस्तीपर्यंत पोचलेला पैलवान. खांदे अजून तसेच. त्याचा धाकटा मुलगा सतरा वर्षांचा, काटकुळा, अठ्ठावन्न किलोचा. त्याने कुस्ती सोडून सायकल धरली होती. कर्नाटकात सायकलिंगचं माहेरघर म्हणजे विजापूर-बागलकोट. तिथल्या पोरांनी राष्ट्रीय पातळीवर नाव काढलंय. बिदरच्या कोपऱ्यातल्या पोराने तिथपर्यंत पोचायचं तर निवड चाचणीतून. ती चाचणी त्याने दोनदा दिली, दोन्हीदा थोडक्यात गेली. दुसऱ्या वेळी तिथल्या कुणीतरी त्याला सांगितलं, "तुझ्यात दम नाही, शाळा कर."

त्या रात्री अंगणात जी चर्चा चालू होती ती ह्याचीच. मिस्त्रीचा थोरला हैदराबादला गोदामात कामाला. धाकट्यालाही मार्चनंतर तिकडेच पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं. पोरगं काही बोलत नव्हतं. ताटातली भाकरी तेवढी संपवत होतं.

मी म्हटलं, उद्या सकाळी माझे पायडल काढून त्याच्या सायकलीला लावू. बघू तरी.

मिस्त्रीने स्वतः पाना घेतला. पायडल हातात फिरवून, उलटंपालटं करून बघितलं. आतल्या पट्टीचं मी सांगायला लागलो तर म्हणाला, "म्हणजे टॉर्क पाना हाय की हो हा. पायानं फिरवायचा." ह्यापेक्षा चांगली व्याख्या मला आजवर कुठे वाचायला मिळालेली नाही. माझे बूट पोराच्या पायाला जेमतेम बसले. गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर त्याला सांगितलं, वीस मिनिटं, जेवढं जमेल तेवढं.

वीस मिनिटांनी तो आला तो सायकलवरून उतरून बांधावर आडवाच झाला. सरासरी २१९ वॅट.

दुपारी लॅपटॉप बाजेवर ठेवून आम्ही तिघे बसलो. ग्राफमध्ये पहिलं मिनिट ४०० वॅट. दुसरं ३००. मग दरड कोसळल्यासारखी रेघ खाली. उरलेली अठरा मिनिटं जेमतेम २०४ ची, आणि शेवटाला तर १९० च्याही खाली. मिस्त्रीला वॅट कळत नव्हते, पण रेघ कळली. तो पोराकडे न बघता म्हणाला, "पहिल्या पकडीतच सगळं देऊन बसलंय. पुढच्या कुस्तीला काय राहणार?"

आता इथे गोल्डन चीताची दुसरी करामत. १९६५ साली मोनो आणि शेरेर ह्या दोन फ्रेंच संशोधकांनी मांडलेला एक विचार त्यात गणित म्हणून बसवलेला आहे. माणसाच्या ताकदीचे दोन भाग. एक सतत वाहणारा झरा, म्हणजे न दमता बराच वेळ देता येईल ती पॉवर. आणि दुसरी एक छोटी टाकी. झऱ्यापेक्षा जास्त मागितलं की टाकीतून जातं. कमी मागितलं की टाकी हळूहळू भरते. मी हे शब्दांत सांगितलं तेव्हा पोरगं नुसतं "हं" म्हणालं. मग दुसऱ्या दिवशी आम्ही बिदरला गेलो आणि मी त्याला शहराबाहेर नौबादला करेझ बघायला नेलं. इराणी पद्धतीने बहमनी काळात जांभ्यात खोदलेला हा भुयारी पाट, वर ठरावीक अंतरावर हवेसाठी विहिरीसारखी तोंडं. खाली पाणी धावत नाही, खळाळत नाही, नुसतं झिरपत चालतं. त्या तोंडाशी वाकून बघताना पोरगं आपणहून म्हणालं, "काका, हा झरा. आणि घरासमोरची सिंटेक्स म्हणजे टाकी."

त्याच्या बाबतीत झरा सुमारे २२२ वॅटचा निघाला आणि टाकी १५ किलोज्यूलच्या आसपास. आता पहिल्या दोन मिनिटांचा हिशेब करा. ४०० वजा २२२, गुणिले साठ सेकंद. ३०० वजा २२२, गुणिले साठ. बेरीज साधारण १५ किलोज्यूल. दोन मिनिटांत टाकीचा तळ दिसला! कागदावरच्या गणिताप्रमाणे टाकी संपली तरी झऱ्याने २२२ देत राहायला हवं. प्रत्यक्षात माणूस म्हणजे करेझ नव्हे. टाकी कोरडी पडली की झराही आटतो. ते २०४ त्यातून आलेले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा वीस मिनिटं. ह्या वेळी मी हँडलवरच्या छोट्या पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, पहिली पाच मिनिटं २२५ च्या वर गेलास तर वडील मारतील. त्याने तोंड वाकडं केलं, कारण पहिली पाच मिनिटं त्याला ते फार सोपं वाटत होतं. पुढची बारा मिनिटं २३०. शेवटची तीन २६०. सरासरी २३३. तेच पोरगं, तेच अंग, तीच भाकरी. दोन दिवसांत कुणाचा दम वाढत नाही. चौदा वॅट वाढले ते खर्चाची रीत बदलल्यामुळे. अशा चाचणीचे ९५ टक्के धरतात ती तासभर टिकवता येणारी पॉवर, ती आली २२१. वजनाने भागलं तर किलोमागे ३.८ वॅट. ज्याने आजवर कुठल्याही प्रशिक्षकाचं तोंड पाहिलं नव्हतं अशा सतरा वर्षांच्या पोरासाठी हा आकडा चांगला आहे. फार मोठा आहे असं मी म्हणालो नाही, कारण तो नाही. पण "दम नाही" हे वाक्य त्यात बसत नव्हतं.

रात्री मिस्त्रीने मला एक प्रश्न विचारला तो मला महत्त्वाचा वाटतो. "भाऊ, आमच्या वस्तादाला हे मशीनशिवाय कळायचं. मग मशीन कशाला?" मी म्हटलं, मिस्त्री, तुझ्या वस्तादाला कळायचं, कारण तो रोज हौद्याच्या काठावर बसलेला असायचा. बैठकांचाच हिशेब घे. सत्तर किलोचा गडी एका बैठकीत अंग अर्धा मीटर वर उचलतो. मिनिटाला तीस बैठका मारल्या तर ढोबळमानाने १७० वॅट होतात. वस्तादाने वॅट कधी मोजले नाहीत, पण कुणी पहिल्या शंभरातच संपतोय आणि कुणी पाचशेव्या बैठकीलाही तसाच आहे, हे तो बघत होता. तुझ्या पोराला बघणारा कुणी नव्हता. निवडीच्या दिवशी फक्त घड्याळ होतं, आणि घड्याळ फक्त शेवटची बेरीज सांगतं.

मिस्त्री बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एक वरीस बघू."

परत निघताना पायडल त्याच्याच सायकलीला ठेवून आलो. मला सध्या साधे चालतात. माझा जुना लॅपटॉपही नंतर कुरिअरने पाठवला. पोरगं दर रविवारी आठवड्याच्या फाइल मला पाठवू लागलं. पहिल्या महिन्याचा ग्राफ बघून पुन्हा एकदा फोन करावा लागला. सगळा ढीग मधोमध! रोज मध्यम जोर. ना धड सोपं, ना धड कठीण. स्टीफन साइलर ह्या संशोधकाने अव्वल दर्जाच्या सहनशक्तीच्या खेळाडूंचा सराव तपासला तेव्हा एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. त्यांच्या सरावापैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास सराव अगदी सोपा असतो, गप्पा मारता येतील इतका, आणि उरलेला खरोखर कठीण. मधलं जे "बऱ्यापैकी दमलो" असं समाधान देणारं असतं, त्यात ते फार रमत नाहीत. पोराला हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. गरिबाघरच्या पोराला हळू जायची लाज वाटते. आपण आळस करतोय, घरचं खातोय असं वाटतं. मी त्याला आमच्या गोव्याच्या पदेराचं उदाहरण दिलं. पहाटे पावांची भली मोठी टोपली मागे बांधून, भोंपू वाजवत जाणारा पदेर कधी धापा टाकताना दिसतो का? पण संध्याकाळी पुन्हा तोच, तशीच टोपली घेऊन दारात हजर असतो.

मार्चपर्यंत ग्राफला मधे खळगा पडला आणि दोन बाजूंना ढीग आले.

आता निकाल विचाराल, तर सांगतो. २०२४ च्या चाचणीत त्याचं नाव राखीव यादीत आलं. यादी वर सरकली नाही. हैदराबादच्या गोदामात मात्र तो गेला नाही. बिदरला आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड घेतला, बापासारखा, आणि सकाळी पाच ते सात सायकल. सॉफ्टवेअरने त्याला जागा मिळवून दिली नाही, तो काही चमत्कार करत नाही. एवढं झालं, की "तुझ्यात दम नाही" ह्या वाक्याला द्यायला त्या घरात आता उत्तर आहे, आणि ते बाजेवर बसून कुणालाही दाखवता येतं. खरं सांगायचं तर ज्या मुलांजवळ कुणी वस्ताद नाही, कुणी मीटर उसना देणारा नाही, त्यांच्या बाबतीत हे वाक्य आजही शेवटचंच ठरतं. खुलं सॉफ्टवेअर फुकट आहे, पायडल फुकट नाहीत. गावोगावच्या शाळांत निदान तालुक्याला एक जोडी फिरती ठेवली तर किती पोरांचा जमाखर्च उघडेल, हे मनात येत राहतं.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आलेली फाइल मी उघडली आणि चक्रावलो. सरासरी ८४ वॅट. एकही शेपटी नाही, एकही खळगा नाही. डावीकडून उजवीकडे सरळ, आखल्यासारखी रेघ, दोन तास. पोराला काही झालं की काय, ताप वगैरे, म्हणून तातडीने फोन केला.

तो हसायला लागला. म्हणाला, "काका, तो मी नव्हतो. बाबा गेले होते हुमनाबादला, माणिकप्रभूंना."